चासीवरून बॉडी उचलण्याआधी आधार कसे द्यावेत : स्टँडर्ड हेराल्डच्या निमित्ताने

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांकडे साठच्या दशकातली दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड आहे आणि आधीच्या मालकाने छत खोलून ती उघडी केलेली आहे. दोन्ही बाजूंच्या सिल (दाराखालच्या लांब पट्ट्या) आणि पुढच्या फ्लोअरच्या कडा गंजल्या आहेत, चासीच्या आउटरिगरला, म्हणजे बॉडी टेकते त्या बाजूच्या हातांना, स्क्रू-ड्रायव्हर टोचला तर आरपार जातो, त्यामुळे बॉडी उचलून चासी मोकळी करण्याशिवाय इलाज उरलेला नाही. डेंटरने सांगितले की आधी दारांत पाइप वेल्ड करून घ्या, नाहीतर बॉडी वाकेल. हे पाइप किती लावायचे, कुठे लावायचे, कोणत्या मापाचे घ्यायचे आणि केव्हा काढायचे, असे त्यांनी विचारले आहे.

डेंटरचा सल्ला योग्य आहे, पण अपुरा आहे. पाइप लावल्यामुळे बॉडीचा आकार सुधारत नाही. ज्या क्षणी पाइप पक्के झाले त्या क्षणी बॉडी ज्या आकारात उभी होती, तोच आकार ते धरून ठेवतात. बॉडी आधीच मधोमध बसलेली असेल, तर आधार देऊन आपण तिचे बसलेपण कायम करतो, आणि पुढे महिनाभर खपून बसवलेला नवा पत्राही त्याच चुकीच्या आकारात वेल्ड होतो. म्हणून पाइप कापायला घेण्याआधी दारे सरळ बंद होतात का, फटी सारख्या आहेत का, हे पाहून बॉडी योग्य आकारात आणणे हे खरे काम आहे. माझ्या अनुभवात आधार लावायला एक दिवस पुरतो आणि त्याआधीच्या या तयारीला तीन-चार दिवस लागतात. हे प्रमाण उलटे झालेल्या गाड्या मी दुरुस्तीला परत आलेल्या पाहिल्या आहेत.

हेराल्डच्या बाबतीत हे जास्तच लागू पडते, आणि त्याचे कारण तिच्या जन्मकथेत आहे. ब्रिटनमध्ये स्टँडर्ड-ट्रायम्फने ही गाडी १९५९ मध्ये आणली. त्या काळात छोट्या गाड्या मोनोकॉक पद्धतीने, म्हणजे वेगळ्या चासीशिवाय, बांधण्याकडे कारखान्यांचा कल होता. पण स्टँडर्डला बॉडी पुरवणारी फिशर अँड लडलो ही कंपनी १९५३ मध्ये बीएमसीने (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने) घेतली, आणि पूर्ण बॉडी एकसंध बनवून देणारा पुरवठादार हाताशी राहिला नाही. म्हणून हेराल्डला वेगळी चासी दिली गेली आणि इटालियन डिझायनर मिकेलोत्तीने आखलेली तिची बॉडी तुकड्यातुकड्यांनी बनवून बोल्टने जोडण्याची रचना स्वीकारली गेली. आपल्याकडे मद्रासला १९६१ पासून स्टँडर्ड हेराल्ड बनू लागली, तीही याच रचनेची. छत बोल्टने बसते, दोन्ही पुढची मडगार्डे बॉनेटबरोबरच पुढे उघडतात, आणि बॉडीचे मुख्य भाग दोन आहेत : फायरवॉल (इंजिन आणि आतल्या भागामधली भिंत), बिजागरीचे खांब व पुढचा फ्लोअर मिळून एक, आणि लॉकचे खांब व मागचा सगळा भाग मिळून दुसरा. हे दोन भाग मागच्या सीटपुढच्या उभ्या पायरीपाशी बोल्टने जोडलेले असतात. याचा अर्थ असा की तुमच्या दाराचा पुढचा खांब एका भागावर आहे आणि मागचा खांब दुसऱ्या भागावर. दोघांमधले अंतर आणि कोन मुख्यतः चासी ठरवते. चासी गेली की त्यांना एकमेकांशी बांधून ठेवणारा फक्त गंजलेला फ्लोअर आणि बोल्टची एक ओळ उरते.

सिलविषयी एक दिलासा देतो. हेराल्डची बाहेरची सिल बोल्ट-स्क्रूने बसवलेली असते आणि बॉडीचा भार तिच्यावर नसतो. ती सडली म्हणून बॉडी कमकुवत झाली असे समजू नये. तिच्याच घराण्यातल्या १९६२ च्या ट्रायम्फ स्पिटफायरमध्ये मात्र चासीच्या बाजूच्या पट्ट्या काढून टाकल्या आहेत आणि त्यांचे काम सिल करते, त्यामुळे तिथे आधाराशिवाय सिल कापणे म्हणजे गाडी मधून मोडणे. परदेशातल्या पुस्तिका वाचताना हा फरक लक्षात ठेवावा, कारण स्पिटफायरसाठी लिहिलेले बरेचसे हेराल्डला लागू नाही. तुमच्या गाडीत खरी चिंता फ्लोअरच्या कडा, ती उभी पायरी आणि आउटरिगरवर टेकणाऱ्या जागांची आहे.

आता तयारी. गाडी सपाट फरशीवर हवी. चाकांवर उभी असेल तर चारही टायरची हवा सारखी करा. स्टँडवर घेत असाल तर स्टँड चासीखाली, पुढच्या-मागच्या सस्पेन्शनच्या जवळ लावा, मधोमध एकही नको. लेव्हलची पारदर्शक नळी पाण्याने भरून चासीचे चार कोपरे एका पातळीत आहेत का ते बघा. ही स्वस्तातली नळी या कामाला महागड्या उपकरणाइतकी चोख आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स शक्य असल्यास या टप्प्यावर गाडीतच असू द्या, कारण फटी ज्या वजनाखाली शेवटी दिसणार आहेत त्याच वजनाखाली त्या मोजायला हव्यात. वजन उतरले की चासी किंचित सरळ होते आणि दाराची फट बदलते.

त्यानंतर दाराच्या बिजागऱ्या तपासा, आणि हे विसरू नका. दार अर्धे उघडून त्याचे लॉककडचे टोक दोन्ही हातांनी वर उचला. खाली-वर खेळ जाणवला तर बिजागरीची पिन झिजलेली आहे, आणि अशा दाराने दाखवलेली फट खोटी असते. नवी पिन-बुश घालून, दार घट्ट बसवून मगच फट बघावी. मी फटी ड्रिलच्या बिटांनी मोजतो : ४ मिमीचे बिट सहज सरकते, ५ मिमीचे अडकते, असे दाराच्या पुढे, मागे आणि खाली तीन-तीन ठिकाणी पाहतो आणि चिकटपट्टीवर पेनाने आकडे लिहून ती पट्टी त्याच जागी चिकटवून तिचा फोटो काढतो.

फटी काय सांगतात ते वाचता आले पाहिजे. दाराच्या मागची फट वर कमी आणि खाली जास्त असेल, तर दोन खांबांची वरची टोके एकमेकांकडे झुकली आहेत, म्हणजे बॉडी मधोमध खाली बसली आहे. उलट वर जास्त आणि खाली कमी असेल, तर बॉडीची दोन्ही टोके खाली लोंबत आहेत. पहिल्या स्थितीत मधल्या माउंटिंगखाली (बॉडी चासीला बोल्टने बसते त्या जागेखाली) शिम, म्हणजे पातळ चकत्या, वाढवायच्या किंवा टोकांच्या कमी करायच्या, दुसऱ्या स्थितीत याच्या विरुद्ध करायचे. माउंटिंगचे बोल्ट ढिले न करता जॅक लावू नये. बोल्ट आवळलेले असताना जोर दिला तर पत्रा वाकतो आणि जॅक काढला की बॉडी पुन्हा पूर्वीच्या जागी येते. तुमच्या गाडीत आउटरिगरच सडलेले असल्याने शिमला टेकायला जागा राहिलेली नसेल. मग माउंटिंगजवळ फ्लोअरच्या शाबूत भागाखाली जाड फळी, तिच्याखाली छोटा बाटली जॅक, असे दोन्ही बाजूंना लावून अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने उचलत फट जमवा. दोन्ही दारे बोटाच्या जोराने लागली, लॉक आपोआप पकडू लागले, आणि आकडे समाधानकारक आले, की जॅक तसेच ठेवून आधार बांधायला घ्यायचे.

हे मी इतके ताणून सांगतो आहे, त्यामागे एक गाडी आहे. अनेक वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या अशाच एका उघड्या हेराल्डच्या डाव्या दाराची मागची फट वर २ मिमी आणि खाली ७ मिमी होती. ती नंतर शिम लावून जमवू, असे ठरवून मी आधार वेल्ड केले, बॉडी उचलली, दोन्ही फ्लोअर नवे घातले, चासी रंगवून बॉडी परत बसवली. फट वर २ मिमी आणि खाली ७ मिमीच राहिली. शिमने ती हलेना, कारण आता नवा, ताठ फ्लोअर तो आकार धरून होता. दार लावताना वरच्या कोपऱ्याला ताजा रंग खरवडला जाऊ लागला. शेवटी डाव्या फ्लोअरची सुमारे साठ सेंटिमीटर वेल्ड ग्राइंडरने उघडून, बॉडी जमवून, पुन्हा वेल्ड करावी लागली, आणि मालकांना आणखी दीड महिना थांबावे लागले. त्या दिवसापासून फट जमल्याशिवाय माझ्या वर्कशॉपमध्ये पाइप कापला जात नाही.

फट जमली की मापे घ्या. प्रत्येक खांबावर वर एक आणि खाली एक, असे सेंटर पंचने बारीक खूण करून बिंदू घ्या. पेनाची खूण घासली जाते, पंचची राहते. या बिंदूंमधली आडवी अंतरे, दाराच्या चौकटीतले दोन्ही कर्ण, डाव्या बिजागरीच्या खांबापासून उजव्या लॉकच्या खांबापर्यंत आणि त्याच्या उलट कर्ण, आणि दोन्ही बाजूंच्या खांबांमधली गाडीच्या रुंदीची अंतरे वर-खाली लिहून काढा. डाव्या आणि उजव्या बाजूच्या आकड्यांत २ मिमीपर्यंत फरक या जुन्या गाड्यांत कारखान्यातूनच असू शकतो, पण त्याहून जास्त असेल तर कारण शोधा. टेप लोंबतो आणि त्याचा हुक हलतो, म्हणून मी एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांना टोके घासून अणकुचीदार केलेला गज वापरतो : दोन बिंदूंत ताणून स्क्रू आवळायचा आणि मग टेपवर वाचायचा. एक गज प्रत्येक कर्णासाठी तसाच ठेवून दिला तर आकडा वाचण्याचीही गरज उरत नाही. बॉडी उचलल्यावर तोच गज लावून बघायचा, बसला तर आकार शाबूत आहे.

आता आधारांची रचना. सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे दाराच्या मधोमध, कमरेच्या उंचीवर, एकच आडवा पाइप. त्याने दोन खांबांमधले अंतर त्या एका उंचीवर स्थिर राहते, पण त्या पाइपभोवती खांब फिरू शकतात; खाली फ्लोअर कापला की खालची टोके जवळ येतात किंवा दूर जातात. चौकोन तिरपा होतो, त्रिकोण होत नाही, हे घराच्या छपराची कैची बांधणाऱ्या सुताराला ठाऊक असते आणि इथेही तेच तत्त्व आहे. म्हणून प्रत्येक दारासाठी तीन दांडे घ्यावेत. एक वर, बिजागरीच्या वरच्या बोल्टांच्या उंचीवर. एक खाली, फ्लोअरपासून दहा-पंधरा सेंटिमीटर वर. आणि एक तिरपा, बिजागरीच्या खांबाच्या वरच्या टोकापासून लॉकच्या खांबाच्या खालच्या टोकापर्यंत. मग दोन्ही बाजू एकमेकींना बांधायच्या : डॅशबोर्डच्या खाली दोन बिजागरीच्या खांबांमध्ये एक आडवा, सीटच्या मागे दोन लॉकच्या खांबांमध्ये एक आडवा, आणि या दोघांच्या टोकांना कर्णाने जोडणारे दोन, म्हणजे वरून पाहिल्यावर फुलीचा आकार. ही फुली नसेल तर एक बाजू पुढे आणि दुसरी मागे सरकून गाडी समांतरभुज चौकोन होते. डोळ्याला ते दिसत नाही. बॉनेट बसवताना कळते.

पाइप एमएसचा (माइल्ड स्टीलचा), एक इंची चौकोनी, १६ गेजचा पुरतो. हेराल्डसाठी त्याहून जाड घेण्यात अर्थ नाही. गोल पाइपपेक्षा चौकोनी चांगला, कारण टोक कापून सपाट बसवायला सोपा जातो. बाजारात सहा मीटरची लांबी मिळते; दोन लांब्यांत सगळे काम होते आणि एकूण वजन चौदा किलोच्या आतच राहते. जीआय पाइप मात्र घेऊ नका. त्यावरचा जस्ताचा थर वेल्डिंगच्या उष्णतेत जळतो आणि त्याचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री ताप आणि थंडी भरते. स्वस्त मिळाला म्हणून उरलेला जीआय पाइप वापरणारे मी पाहिले आहेत.

दोन्ही दारांच्या तिरप्या दांड्यांत एकेक समायोजन ठेवा. दांडा मधून कापून त्यात १२ मिमीचा आटेदार बार आणि दोन्हीकडे नट लावले की पुरे. किंवा डाव्या-उजव्या आट्याचा टर्नबकल घ्या. १२ मिमीच्या नेहमीच्या आट्याला एका फेऱ्यात पावणेदोन मिलिमीटर मिळतात आणि टर्नबकलला दोन्हीकडून मिळून साडेतीन. वेल्डिंगच्या ओढीने एखादा मिलिमीटर गेला, तर तो परत आणायची सोय हाताशी राहते. ओढून ताणून बॉडी सरळ करण्यासाठी मात्र हा टर्नबकल वापरू नये. जुन्या पत्र्याचा खांब त्या जोराने मुरगळतो.

दांड्याची टोके बॉडीला कशी जोडायची, यावर कारागिरांत मतभेद आहेत. बरेच जण थेट खांबाच्या पत्र्याला वेल्ड करतात. मी शक्य तिथे बोल्ट वापरतो. बिजागरीच्या खांबात आणि लॉकच्या पट्टीखाली आधीपासून आटेदार भोके असतात, तिथला पत्रा आतून जाड केलेला असतो, आणि बोल्टने लावलेला आधार काढून पुन्हा अगदी त्याच जागी लावता येतो. हेराल्डमध्ये हे विशेष उपयोगी आहे. कारण पुढेमागे कोणी बॉडीचे दोन भाग वेगळे केले, तर हेच दांडे त्यांना पुन्हा जुळवायचा साचा ठरतात. जिथे वेल्डिंगशिवाय पर्याय नाही तिथे पाइपचे टोक कधीही नुसत्या पत्र्याला टेकवू नका. पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा असतो, त्यात पाइपची कड रुतते आणि बॉडी हलवली की फाटते. तीन मिमीच्या पट्टीचा तळहाताएवढा तुकडा आधी पत्र्याला वेल्डिंगच्या चार छोट्या टाक्यांनी धरा आणि दांडा त्या तुकड्याला वेल्ड करा.

जागा ठरवताना चार गोष्टी आठवा. जो पत्रा कापून टाकायचा आहे त्याला आधार जोडायचा नाही. हे उघड वाटते, तरी खालचा दांडा फ्लोअरच्या कडेला लावलेला मी दोनदा पाहिला आहे. नवा फ्लोअर जिथून आत सरकवायचा ती वाट मोकळी हवी. चासीच्या माउंटिंगचे बोल्ट आतून खोलायचे असतील, तर त्यांच्यावर सॉकेट आणि हँडल फिरायला जागा हवी, नाहीतर आधार कापूनच बोल्ट काढावे लागतात. आणि दांडे दाराच्या आतल्या बाजूने, काचेचा हँडल व दाराचे आतले कव्हर काढून, दाराच्या आतल्या पत्र्यापासून चार सेंटिमीटर सोडून घ्यावेत, म्हणजे आधार असतानाही दार लावून फट तपासता येईल. दाराच्या चौकटीतच दांडा ठोकला तर बांधकाम सोपे होते, पण सगळ्या कामाचा सर्वांत विश्वासू मोजमाप-साक्षीदार, म्हणजे स्वतः दार, तुम्ही बाजूला ठेवता.

वेल्डिंगची क्रमवारी महत्त्वाची आहे. प्रत्येक टाका थंड होताना आकसतो आणि दांडा आत ओढतो. सर्व दांडे आधी एकेका टाक्याने धरा, डावीकडे एक, उजवीकडे एक, असे करत. मग मापाचे गज लावून बघा, दारे लावून बघा. सगळे जागेवर असेल तरच उरलेले टाके घाला, तेही बोटाच्या पेरापेक्षा लांब नकोत, आणि एका जागी घातल्यावर दुसऱ्या बाजूला जा, पहिली जागा हाताला कोमट लागेपर्यंत परत येऊ नका. त्याआधी बॅटरी काढलेली असावी, पेट्रोलची टाकी गाडीतून बाहेर गेलेली असावी, आणि फ्लोअरवरचे जुने नमदे व डांबरी थर खरवडून काढलेले असावेत. ते धुमसत राहतात आणि आपण जेवायला गेल्यावर पेट घेतात. जुन्या गाड्यांच्या सांध्यांत शिसे भरलेले असू शकते. ग्राइंडरखाली मऊ, चकचकीत, करडा धातू दिसला तर ग्राइंडर थांबवा, ती धूळ श्वासात घेण्यासारखी नाही.

छताविषयी एक सूचना. आधीच्या मालकाने खोललेले छत तुमच्याकडे असेल, किंवा कोणाकडून उसने मिळत असेल, तर बॉडी उचलण्यापुरते ते परत बोल्टने बसवा. पुढच्या काचेच्या चौकटीला आणि मागच्या भागाला जोडणारा हा वरचा पूल दहा पाइपांचे काम करतो. फ्लोअर कापण्याच्या वेळीही तो जागेवर राहू द्या.

उचलण्याचे काम मी थोडक्यात सांगतो, कारण ते अवघड नाही, फक्त शांतपणे करायचे असते. बॉनेट काढा; दारे शेवटचे मोजून काढा. स्टिअरिंगचा जोड, ब्रेक-क्लचच्या नळ्या, हँडब्रेकची केबल, स्पीडोमीटरची केबल, वायरिंग, हीटर असल्यास त्याचे पाइप आणि गिअरबॉक्सवरचे कव्हर सोडवा. माउंटिंगच्या बोल्टांना आठवडाभर आधीपासून गंज सोडवणारे तेल द्या. आतला नट फिरू लागला तर पहारीने उचकटू नका, बोल्टचे डोके ग्राइंडरने काढा. उचलण्यासाठी आडवे दोन लाकडी ओंडके किंवा पाइप, एक फायरवॉलच्या खालच्या जाड भागाखाली आणि एक त्या उभ्या पायरीखाली घाला. आधाराच्या दांड्यांना साखळी अडकवून बॉडी उचलू नका. ते आकार धरण्यासाठी आहेत, वजन घेण्यासाठी नाहीत. चार-सहा माणसे किंवा दोन चेन पुली पुरतात. पहिल्यांदा फक्त दोन सेंटिमीटर उचला, थांबा, आणि टॉर्च हातात घेऊन पूर्ण फेरी मारा. विसरलेली वायर किंवा एखादा बोल्ट असतोच. मग गज लावून कर्ण तपासा आणि पुढे जा. खाली ठेवताना ज्या दोन जागांवर उचलले त्याच जागांवर घोड्या लावा.

फिरत्या चौकटीवर, म्हणजे रोटिसरीवर, बॉडी चढवण्याचा विचार असेल तर वर सांगितलेले आधार पुरणार नाहीत. तिथे पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत भार जातो आणि आडवी केल्यावर बॉडीचे वजन दारांच्या चौकटींवर बाजूने येते. त्यासाठी दोन्ही बाजूंना तळाशी एकेक लांब, दीड इंची चौकोनी पाइप फायरवॉलपासून मागच्या माउंटिंगपर्यंत घ्यावा लागतो. दोन भागांत बोल्टने जोडलेल्या हेराल्डसाठी मला तो खटाटोप गरजेचा वाटत नाही.

बॉडी बाहेर असताना चासीवर जे काम होईल, त्यात निम्मे यश-अपयश असते. आउटरिगर दोन्ही बाजूंचे एकदम कापू नका. एक कापण्याआधी त्याच्या बोल्टच्या भोकाची जागा चासीच्या मुख्य गर्डरपासून मोजून, उंचीसकट, एका साध्या अँगलच्या साच्यावर पकडून घ्या आणि नवा आउटरिगर त्या साच्यावर बसवूनच वेल्ड करा. नवा तुकडा तीन मिलिमीटर खाली बसला, तर तेच तीन मिलिमीटर दाराच्या फटीत दिसतात, आणि मग लोक बॉडीला दोष देतात. आणि चासीला अंतिम रंग देण्याआधी आधारांसकट बॉडी एकदा तिच्यावर ठेवून, बोल्ट घालून, दारे लावून पाहा. हा एक दिवस वाचवू नका. पावडर कोटिंग झालेल्या चासीवर पुन्हा वेल्डिंग करावे लागणे हे या कामातले सर्वांत खर्चिक दुःख आहे.

दुसऱ्या गाड्यांविषयीही लोक विचारतात, म्हणून दोन शब्द. अँबॅसॅडर आणि पद्मिनी मोनोकॉक आहेत. त्यांची बॉडी चासीवरून उचलण्याचा प्रश्न येत नाही, पण सिल किंवा फ्लोअर बदलताना याच त्रिकोणांनी दारे बांधावी लागतात. फोक्सवॅगन बीटलची बॉडी फ्लोअरच्या सांगाड्याला कडेने अनेक बोल्टांनी जोडलेली असते, आणि गरम हवा पुढे नेणाऱ्या बाजूच्या पोकळ पट्ट्या तिची खरी सिल आहेत. त्या सडल्या असतील तर उचलण्याआधी आधार हवेतच. युद्धपूर्व गाड्यांचे मात्र वेगळे आहे. जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला १९२८ मध्ये जुळणी सुरू केली, आणि त्या काळातल्या अनेक गाड्यांच्या पत्र्याखाली लाकडी सांगाडा असतो. तिथे वेल्डिंगची ठिणगीही नको. १८ मिमीच्या प्लायवुडचा दाराच्या आकाराचा तुकडा कापून तो चौकटीत स्क्रूने बसवणे आणि कोपऱ्यांत सुताराचा गुण्या लावून तपासणे हाच तिथला योग्य आधार.

आता शेवटचा प्रश्न, आधार केव्हा काढायचे. फ्लोअर टाक्यांनी धरला म्हणून काढू नका. फ्लोअर आणि ती उभी पायरी पूर्ण वेल्ड झाली, बॉडी चासीवर बसली, माउंटिंगचे बोल्ट ठरलेल्या शिमसह आवळले गेले, इंजिन परत बसले आणि दारे लावून फटीचे आकडे सुरुवातीच्या फोटोंशी जुळले, की मगच काढायचे. तेही एकदम नाही : आधी फुली, मग रुंदीचे दोन, मग दाराचे खालचे, तिरपे, आणि सर्वांत शेवटी वरचे दांडे. प्रत्येक दांडा सोडल्यावर दार लावून बघा. बोल्ट हाताने सहज सुटला तर बॉडीत ताण नाही. बोल्ट सुटताना दांडा टणकन बाजूला सरकला तर बॉडी त्याच्यावर रेटून उभी होती, आणि अशा वेळी तो दांडा परत लावून माउंटिंगच्या शिम पुन्हा तपासायच्या. जिथे पट्टीचे तुकडे वेल्ड केले होते तिथले टाके पातळ चकतीने घासून काढा, पत्र्याच्या मागच्या बाजूला जळलेला रंग खरवडून झिंक प्रायमर द्या आणि खांबांच्या पोकळीत मेणाचा फवारा मारा. उष्णता लागलेली आतली बाजू उघडी राहिली तर पुढच्या दोन पावसाळ्यांत गंज तिथूनच परत सुरू होतो. बोल्टने लावलेले दांडे डावा-उजवा लिहून गाडीच्या मोजमापांच्या कागदासह बांधून ठेवा.